आकडे तेच, वाचणारा नवा

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या 'लीलावती'त दशमान स्थानांची नावं ओळीने दिली आहेत. एकापासून चढत जाणारी ती यादी कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म ओलांडून परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. ही शेवटची संख्या मोजण्याजोगं जगात काही असेल असं सहसा वाटत नाही. २०१६ साली मात्र ती ट्रकवर चढली. ॲमेझॉनने त्या वर्षी 'स्नोमोबाइल' ही सेवा जाहीर केली: ४५ फुटी कंटेनर, तो ओढणारा ट्रक आणि आत १०० पेटाबाइट डेटा साठवण्याची सोय. एक पेटाबाइट म्हणजे १ वर १५ शून्यं इतके बाइट. १०० पेटाबाइट म्हणजे बरोबर एक परार्ध.

ट्रक का लागावा, हे साध्या भागाकाराने कळतं. सेकंदाला एक गिगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला १२ कोटी ५० लाख बाइट. लाइन क्षणभरही न थांबता पूर्ण वेगाने चालली, तरी १०० टेराबाइट हलवायला ८ लाख सेकंद लागतात, म्हणजे ९ दिवस आणि ६ तास. परार्धभर बाइटना त्याच लाइनवरून २५ वर्षं लागली असती. कंटेनरला सेकंदाला एक टेराबिटची जोडणी होती, त्यामुळे तो भरायला पुन्हा तेच सव्वानऊ दिवस. ही सेवा २०२४ मध्ये बंद झाली, पण डेटाचे असे मोठमोठे ढीग एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं थांबलेलं नाही. बँका, इस्पितळं, विद्यापीठं, वर्तमानपत्रांची जुनी भांडारं, सगळीकडे ते चालूच आहे.

आणि एवढं सगळं हलवून झाल्यावर नवा सर्व्हर सुरू करावा, तर पडद्यावर एक ओळ उमटते: व्हॉल्यूम माउंट होत नाही. किंवा जागा शिल्लक नाही. किंवा परवानगी नाही. किंवा सगळ्यात भयंकर, डिस्क ओळखता येत नाही, फॉरमॅट करायची का? ज्याच्यावर ही वेळ येते त्याच्या पोटात गोळा येतो, आणि पहिला विचार 'डेटा गेला' हाच असतो. माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा डेटा कुठेही गेलेला नसतो. डिस्कवरचे बिट जागच्या जागी असतात. बदललेला असतो तो त्यांचा अर्थ लावणारा. म्हणून डिस्क खराब झाली असं धरण्याआधी, दोन्हीकडच्या मोजणीत फरक कुठे पडला ते शोधावं.

सगळ्यात जुना फरक ३२ बिटांच्या भिंतीचा. डिस्कवरच्या जागेच्या छोट्या भागाला सेक्टर म्हणतात, आणि परंपरेने एक सेक्टर ५१२ बाइटचा. एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीत सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिटच ठेवलेले आहेत. ३२ बिटांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ क्रमांक बसतात. त्याला ५१२ ने गुणलं की २ लाख १९ हजार ९०२ कोटी बाइट होतात, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट. याच्या पलीकडे डिस्क असली तरी एमबीआरला ती सांगताच येत नाही. ही पद्धत वापरात आली तेव्हा पीसीच्या डिस्का काही मेगाबाइटच्या होत्या. ४२९ कोटी सेक्टर ही संख्या तेव्हा न संपणारीच वाटली असणार. जीपीटी या नव्या पद्धतीत सेक्टरच्या क्रमांकाला ६४ बिट आहेत. ते दुप्पट दिसतात, पण क्रमांक वाढतात ४२९ कोटी पटींनी. ६४ बिटांत १८४ परार्ध क्रमांक मावतात.

या भिंतीवर आदळल्यावर नेहमी एरर येतोच असं नाही, आणि हेच जास्त वाईट. ३ टेराबाइटच्या डिस्कवर ५८६ कोटी ५ लाख ३३ हजार १६८ सेक्टर असतात. ती ३२ बिटांच्या जुन्या कंट्रोलरला जोडली तर मोजणी ४२९ कोटींपाशी पुन्हा शून्यावर येते आणि उरलेले १५६ कोटी सेक्टरच दिसतात, म्हणजे ८०१ गिगाबाइट. मायग्रेशननंतर, म्हणजे डेटा नव्या यंत्रावर हलवल्यावर, ३ टेराबाइटच्या जागी ८०१ किंवा ७४६ गिगाबाइट हा आकडा दिसला, तर डिस्क मोडलेली नाही, मधला कंट्रोलर जुना आहे. अशा डिस्कवर काहीही लिहू नये. काही जुने कंट्रोलर भिंतीपलीकडे लिहायचा मजकूर डिस्कच्या सुरुवातीला नेऊन लिहितात, आणि पार्टिशनची नोंद नेमकी तिथेच असते.

८०१ आणि ७४६ हे एकाच जागेचे दोन आकडे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. (१०२४ च्या पटीतल्या एककांची नेमकी नावं मेबिबाइट, गिबिबाइट, टेबिबाइट.) किलोबाइटला हा फरक जेमतेम २.४ टक्के असतो, मेगाबाइटला ४.९, गिगाबाइटला ७.४, टेराबाइटला जवळजवळ १० आणि पेटाबाइटला १२.६. संख्या जितकी मोठी तितका घोळही मोठा. एका विक्रेत्याचं '२ टीबी' व्हॉल्यूम आणि दुसऱ्याचं '२ टीबी' व्हॉल्यूम यांत १९,९०२ कोटी बाइटचा फरक पडू शकतो. मोठ्यावरून छोट्यावर बिट-न्-बिट नक्कल केली, तर शेवटचा तुकडा बाहेर राहतो, आणि नोंदीत जितके ब्लॉक लिहिले आहेत तितके यंत्रावर नाहीत असं सांगून लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम माउंट व्हायला नकार देते. इथे नव्या व्हॉल्यूमवरचा डेटा खरोखर कापला गेलेला असतो. नक्कल करण्याआधी दोन्हीकडचे आकार बाइटमध्ये, शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहणं एवढाच त्यावर उपाय आहे. 'टीबी' या दोन अक्षरांवर विसंबू नये.

५१२ चा आकडाही आता पक्का राहिलेला नाही. बऱ्याच नव्या डिस्का ४०९६ बाइटचा सेक्टर वापरतात. मोठ्या डिस्का जुन्या संगणकांना दिसाव्यात म्हणून काही यूएसबी डबे ५१२ च्या डिस्कलाही ४०९६ ची म्हणून पुढे करायचे, कारण त्याच ४२९ कोटी क्रमांकांत मग १६ टेबिबाइटपर्यंत जाता येतं. अशा डब्यात वर्षानुवर्षं वापरलेली डिस्क काढून थेट नव्या सर्व्हरला जोडली, की पार्टिशन २५६ व्या सेक्टरपासून सुरू होतं ही नोंद तशीच राहते, पण २५६ गुणिले ४०९६ च्या जागी आता २५६ गुणिले ५१२ होतं. सुरुवातीची जागा चुकते आणि आकार एक अष्टमांश दिसतो. सातबाऱ्यावर क्षेत्राचा आकडा तोच ठेवून कुणी एकराच्या जागी गुंठा वाचावा, तसं हे आहे. शेत तसूभरही हललेलं नसतं. डिस्क परत त्याच डब्यात घातली की सगळं जागेवर दिसतं; डेटा तिथूनच उतरवून घ्यावा.

आता नावांकडे येऊ. लिनक्समध्ये डिस्कांना सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात. नव्या यंत्रावर क्रम बदलला की नाव बदलतं; ॲमेझॉनच्या जुन्या झेन यंत्रांवर एक्सव्हीडीएफ असलेलं व्हॉल्यूम नव्या नायट्रो यंत्रावर एनव्हीएमई१एन१ अशा नावाने उभं राहतं. माउंटच्या यादीत, म्हणजे एफएसटॅब फाइलमध्ये जुनं नाव असेल, तर यंत्र सुरू होताना ९० सेकंद त्या नावाची वाट बघतं आणि मग आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन थांबतं. याला तोडगा म्हणून प्रत्येक फाइलसिस्टिमला यूयूआयडी दिलेला असतो, एक लांबलचक क्रमांक जो जगात दुसऱ्या कुणाचा नसावा. या क्रमांकाच्या आकाराने मी दर वेळी थक्क होतो.

यूयूआयडी १२८ बिटांचा. त्यातले ६ ठरलेले, १२२ यादृच्छिक. १२२ बिटांतून होणाऱ्या वेगवेगळ्या क्रमांकांची संख्या ५३१ या आकड्यापुढे ३४ शून्यं दिल्यावर येते. परार्धाला परार्धाने गुणा आणि आलेल्याची ५३१ पट करा. सेकंदाला १०० कोटी नवे यूयूआयडी सलग ८६ वर्षं तयार करत राहिलं, तेव्हा कुठे त्यांतले कुठलेही दोन जुळण्याची शक्यता निम्म्यावर येते. योगायोगाने दोन डिस्कांना एकच क्रमांक मिळेल ही भीती बाळगायचं काहीच कारण नाही.

आणि तरीही मायग्रेशननंतर एक्सएफएस फाइलसिस्टिम नेमकं हेच सांगते: यूयूआयडी दुहेरी आहे, माउंट करत नाही. कारण तो क्रमांक दुसऱ्यांदा योगायोगाने जन्मलेला नसतो. आपण जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढलेली असते, आणि नकलेत डेटाबरोबर क्रमांकही उतरतो. दोन्ही डिस्का एकाच यंत्राला जोडल्या की ५३१ वर ३४ शून्यांचं संरक्षण एका क्षणात शून्य होतं. गणित जी गोष्ट अशक्य ठरवतं ती नकलेची एकच आज्ञा खात्रीने घडवून आणते. मायग्रेशनच्या अडचणींबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन, कारण मोठ्या आकड्यांवरचा आपला विश्वास इथेच फसतो. योगायोगापासून ते आपल्याला वाचवतात, आपल्याच हातून होणाऱ्या नकलेपासून नाही.

एक्सएफएसचा नकार म्हणजे बिघाड नाही, ती सावधगिरी आहे. जुनी डिस्क काढून घ्यावी, किंवा यूयूआयडीची तपासणी टाळणारा 'नोयूयूआयडी' पर्याय देऊन नक्कल तात्पुरती माउंट करावी, आणि दोन्ही एकत्र ठेवायच्याच असतील तर नकलेला नवा क्रमांक द्यावा. लिनक्समध्ये व्हॉल्यूमांचे गट सांभाळणाऱ्या एलव्हीएममध्ये नकललेल्या गटाला नवी ओळख देण्यासाठी वेगळी आज्ञाच आहे. विंडोजमध्ये एमबीआर डिस्कची सही ३२ बिटांची असते. ती जुळली की दुसरी डिस्क ऑफलाइन ठेवली जाते. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमच्या बाबतीत मात्र जास्त जपावं लागतं. मूळ आणि नक्कल एकाच वेळी दिसत असताना ती माउंट केली, तर फाइलसिस्टिम खराब होऊ शकते, असा इशारा तिच्या अधिकृत दस्तऐवजात आहे.

परवानगीचा एरर याच्या अगदी उलट बाजूने येतो. लिनक्समध्ये फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, क्रमांक लिहिलेला असतो. तोही ३२ बिटांचा, म्हणजे ४२९ कोटी मालकांना पुरेल इतका. पण बहुतेक यंत्रांवर माणसांना क्रमांक द्यायला १००० पासून सुरुवात होते, त्यामुळे ४२९ कोटींतले पहिले काहीच सगळीकडे वापरले जातात. जुन्या सर्व्हरवर १००१ हा हिशेबनीस असेल, तर नव्यावर १००१ कुणी भलताच असू शकतो, आणि हिशेबाच्या फाइली त्याला उघडतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या अधिकृत सॉफ्टवेअर कंटेनरांत हे स्वच्छ दिसतं. डेबियनवर आधारलेल्या कंटेनरमध्ये पोस्टग्रेसचा क्रमांक ९९९, अल्पाइनवरच्यात ७०. व्हॉल्यूम एकावरून दुसऱ्याला जोडलं की डेटाबेस स्वतःच्याच फाइलींपाशी अडतो.

'जागा शिल्लक नाही' हा एरर मला सगळ्यात फसवा वाटतो. डिस्क तीन चतुर्थांश मोकळी दिसत असते, आणि नक्कल मध्येच थांबते. ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाइलला मजकुराच्या जागेखेरीज एक आयनोड लागतो, म्हणजे त्या फाइलच्या नोंदीचं घर. आयनोड किती असतील ते फॉरमॅट करतानाच ठरतं, साधारणपणे दर १६,३८४ बाइटमागे एक. एक टेबिबाइटच्या व्हॉल्यूमवर त्यामुळे ६ कोटी ७१ लाख ८ हजार ८६४ आयनोड होतात. पुष्कळ वाटतात. पण मेल सर्व्हरवर प्रत्येक पत्र ही वेगळी फाइल असते, आणि दोन किलोबाइटचं पत्रही ४ किलोबाइटचा एक ब्लॉक घेतं. ६ कोटी ७१ लाख पत्रं गुणिले ४ किलोबाइट म्हणजे २५६ गिबिबाइट, बरोबर एक चतुर्थांश व्हॉल्यूम. तिथे आयनोड संपतात. उरलेल्या ७६८ गिबिबाइटमध्ये एका अक्षराची नवी फाइलही ठेवता येत नाही.

जुना सर्व्हर एक्सएफएसवर असेल तर हा खड्डा आधी दिसतच नाही, कारण एक्सएफएस लागतील तसे आयनोड वाढवत जाते. त्यामुळे 'जुन्यावर चालत होतं' हे वाक्य इथे खरं असूनही उपयोगाचं नसतं. डीएफ आज्ञेला 'आय' हा पर्याय दिला की आयनोडचा हिशेब दिसतो, आणि तो मायग्रेशनच्या आधी बघायचा असतो. नंतर बघितलं तर व्हॉल्यूम वाढवणं किंवा नव्याने फॉरमॅट करून पुन्हा नक्कल काढणं एवढेच मार्ग उरतात. एक्सएफएसची स्वतःचीही एक मेख आहे. आयनोडचे क्रमांक ३२ बिटांत ठेवायची जुनी सवय चालू असेल, तर ४२९ कोटी गुणिले २५६ बाइटच्या हिशेबाने सगळे आयनोड पहिल्या एक टेबिबाइटमध्येच कोंबले जातात. तो भाग भरला की ५० टेराबाइट मोकळे असूनही तोच एरर.

लॉगमध्ये आणखी एक ओळ घाबरवते: ही फाइलसिस्टिम २०३८ पर्यंतच्याच वेळा नोंदवू शकते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखून, ३२ बिटांत मोजले, तर २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ वा सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येतो, आणि तिथे मोजणी संपते. जुन्या पद्धतीने बनवलेल्या एक्सएफएस व्हॉल्यूमवर ही ओळ दिसते. नव्या पद्धतीत ती मुदत २४८६ पर्यंत जाते. ही सूचना आहे, आजच्या अडचणीचं कारण नाही. तिच्या मागे लागून रात्र घालवू नये.

राहिला तो प्रश्न: फॉरमॅट करायची का? १६ टेबिबाइटच्या ईएक्सटी४ व्हॉल्यूमवर ४२९ कोटी ब्लॉक असतात. ते १,३१,०७२ गटांत विभागलेले असतात, एकेक गट १२८ मेबिबाइटचा. या सगळ्याची किल्ली सुपरब्लॉकमध्ये असते: ब्लॉक किती, गट किती, आयनोड किती, यूयूआयडी कोणता. सुपरब्लॉकचा आकार १०२४ बाइट. संपूर्ण व्हॉल्यूमच्या १,७१७ कोटी ९८ लाख भागांतला एक भाग. तो व्हॉल्यूमच्या अगदी सुरुवातीला, १०२४ व्या बाइटपाशी असतो, आणि त्यात ही ईएक्सटी फाइलसिस्टिम आहे हे सांगणारी खूण दोन बाइटची. मायग्रेशनमध्ये कुणी चुकून तिथे काही लिहिलं, तर १६ टेबिबाइट डेटा शाबूत असून यंत्राला काहीच दिसत नाही.

ज्यांनी ही रचना केली त्यांनी हे ओळखलं होतं. सुपरब्लॉकच्या राखीव प्रती, गट शून्यापासून मोजले तर, १ क्रमांकाच्या गटात आणि मग ३, ५ आणि ७ यांच्या घातांच्या गटांत ठेवलेल्या असतात: ३, ९, २७, ८१, ५, २५, १२५, ७, ४९, ३४३. १,३१,०७२ गटांत अशा २४ प्रती होतात. सगळ्या गटांत एकेक ठेवली असती तर जागा वाया गेली असती; घातांनी त्या सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ अशा सगळ्या व्हॉल्यूमभर पसरतात. पहिली प्रत ३२,७६८ व्या ब्लॉकवर असते, आणि तपासणीच्या आज्ञेला तो क्रमांक दिला की ती मोडलेला सुपरब्लॉक सोडून या प्रतीवरून काम सुरू करते. ज्याला हे माहीत नाही तो 'हो, फॉरमॅट करा' म्हणतो, आणि सुपरब्लॉकच्या प्रती आणि आयनोडच्या नोंदी यांच्या जागी नव्या कोऱ्या नोंदी येतात. फाइलींचा मजकूर बराचसा तिथेच पडून राहतो, पण कुठला तुकडा कुठल्या फाइलचा हे सांगणारं कुणी उरत नाही.

म्हणून दुरुस्तीची कुठलीही आज्ञा देण्याआधी डिस्कची पूर्ण प्रत काढायची. १६ टेराबाइटला, सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगाने, ८०,००० सेकंद लागतात: २२ तास १३ मिनिटं. खोळंबलेल्या कामावर फोन खणखणत असताना हे तास फार मोठे वाटतात, आणि बहुतेक डेटा याच तासांत घाईने घालवला जातो असं माझं मत आहे. सुपरब्लॉकच्या प्रती कुठे आहेत ते दाखवणारी आज्ञा आणि फॉरमॅट करणारी आज्ञा एकच आहे; फरक फक्त 'एन' या एका अक्षराचा. 'एन' दिला तर ती जागा छापून थांबते, विसरलं तर फॉरमॅट करते, आणि खूण मोडलेली असल्यामुळे आधीची फाइलसिस्टिम तिला दिसत नाही, म्हणून ती थांबून विचारेलच असं नाही. प्रतीवर हे अक्षर विसरलं तर पुन्हा २२ तास जातात. मूळ डिस्कवर विसरलं, तर जुना सर्व्हर अजून पुसलेला नाही ना, एवढंच विचारायचं उरतं.